तेलाची पिशवी, डॉलरचं व्याज आणि छपरावरचं सौर पॅनेल

खाद्यतेल महागलं की पहिला संशय किराणा दुकानदारावर जातो आणि दुसरा साठेबाजावर. कधीकधी तो खराही ठरतो. पण सोयातेलाच्या एक लिटर पिशवीची किंमत ज्या आकड्यांवर उभी असते, ते आकडे उघड असतात. शिकागो आणि क्वालालंपूरचे वायदे (पुढच्या तारखेला द्यायच्या मालाचे आज ठरणारे सौदे), रुपया-डॉलरचा दर, दिल्लीहून निघणारी आयात शुल्काची अधिसूचना, एवढं समोर ठेवलं की हिशेब घरबसल्या करता येतो. हाच हिशेब थोडा पुढे नेला की सौर ऊर्जा कुठे परवडते, कुठे अडते आणि का, हेही कळतं. दोन्हीकडे निर्णायक आकडा एकच असतो, पैशाचं भाडं म्हणजे व्याज.

आधी तेल. भारताचं तेलवर्ष नोव्हेंबर ते ऑक्टोबर असं मोजतात. २०२२-२३ मध्ये आपण सुमारे १६५ लाख टन खाद्यतेल आयात केलं, तर २०२३-२४ मध्ये सुमारे १६० लाख टन. देशाच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. पामतेल इंडोनेशिया-मलेशियाहून, सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलहून आणि सूर्यफूल रशिया-युक्रेनच्या पट्ट्यातून.

एका पिशवीचा हिशेब

शिकागोत सोयातेलाचा भाव एका पौंडाला किती सेंट असा सांगतात. त्याला २२.०४६ ने गुणलं की टनाचे डॉलर निघतात. म्हणजे ५० सेंट भाव असेल तर टनाला साधारण ११०२ डॉलर. क्वालालंपूरचा पामतेलाचा वायदा मलेशियाच्या चलनात, रिंगिटमध्ये असतो, त्याला रिंगिट-डॉलर दराने भागायचं. अर्जेंटिनाचं तेल मात्र शिकागोच्या भावाने मिळत नाही. त्या भावावर थोडी वाढ (प्रीमियम) किंवा सूट (डिस्काउंट) लागते, मग जहाजभाडं आणि विमा धरून आपल्या बंदरावरचा भाव ठरतो.

उदाहरणासाठी बंदरावर पोहोचलेल्या कच्च्या, डीगम (बराचसा गोंद काढलेल्या) सोयातेलाचा भाव टनाला ११५० डॉलर आणि डॉलर ८६ रुपये धरू. टनाचे झाले ९८,९०० रुपये. यावर आयात शुल्क. ३० मे २०२५ च्या अधिसूचनेनंतर कच्च्या तेलावर मूळ सीमाशुल्क १० टक्के, कृषी पायाभूत सुविधा उपकर ५ टक्के आणि या १५ टक्क्यांवर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे एकूण १६.५ टक्के. रक्कम १६,३१८ रुपये. बंदर, टाकीभाडं, क्लिअरिंग यांचे २००० धरा. रिफायनरीत तेलातला उरलेला गोंद, मेदाम्लं, रंग आणि वास काढताना थोडी घट येते, वाफ आणि रसायनं लागतात. त्यापोटी साडेसहा हजार धरले तर टन पडतो सुमारे १,२३,७०० रुपयांना. किलोला १२३ रुपये ७० पैसे.

पिशवी लिटरची असते आणि लिटरभर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. म्हणून तेलाची किंमत ११२ रुपये ६० पैसे. पिशवी, खोका, वाहतूक, वितरक आणि दुकानदार यांचे मिळून १७ रुपये धरले आणि ५ टक्के जीएसटी लावला की १३६ रुपयांच्या आसपास आकडा येतो. पॅकिंग आणि नफ्याचे आकडे कंपनीगणिक बदलतील, पण ढाचा हाच. या १३६ पैकी ९० रुपये, म्हणजे जवळजवळ दोनतृतीयांश, परदेशात डॉलरमध्ये ठरलेले आहेत.

आता कोणता आकडा हलला की किती फरक पडतो ते पाहू. डॉलर एक रुपयाने महागला तर लिटरमागे साधारण सव्वा रुपया. टनामागे ५० डॉलर वाढले तर पावणेपाच रुपयांच्या आसपास. शुल्क २७.५ वरून १६.५ टक्क्यांवर आलं, तर दहा रुपयांहून थोडं जास्त. सरकारचा एक कागद म्हणजे डॉलरच्या आठ रुपयांच्या हालचालीएवढा. तेलाच्या भावाची बातमी वाचताना या तिघांपैकी नेमकं काय हललं ते आधी पाहावं.

जाता जाता पिशवीवरच्या वजनाबद्दल. तेल तापलं की फुगतं. सोयातेलाचं लिटरभर वजन २१ अंशांना ९१९ ग्रॅम, तर ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम भरतं. काही कंपन्या ‘१ लिटर, ६० अंश तापमानाला’ असं बारीक अक्षरात छापून कमी तेल भरत. २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने तापमान न लिहिता लिटरसोबत वजनही छापायला सांगितलं. पिशव्या आता वेगवेगळ्या वजनांच्या येतात, त्यामुळे तुलना नेहमी ग्रॅमवर करावी. पिशवीवरचा भाव सारखा दिसला तरी ८५० ग्रॅमची आणि ९१० ग्रॅमची पिशवी सारखी स्वस्त नसते.

भाव चढतो पटकन, उतरतो सावकाश

मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवर रशियाने हल्ला केल्यावर, पामतेल क्वालालंपूरला टनामागे ७००० रिंगिटच्या वर गेलं. एप्रिलअखेर इंडोनेशियाने निर्यातच बंद केली आणि २३ मेला पुन्हा उघडली. सप्टेंबरपर्यंत भाव निम्म्यावर आला. दुकानात मात्र किंमत निम्म्यावर आली नाही.

याची तीन कारणं आहेत आणि तिन्ही पैशाशी जोडलेली आहेत. पहिलं, वाटेतला माल. पामतेल इंडोनेशियाहून आठ-दहा दिवसांत येतं, पण अर्जेंटिनाहून जहाजाला महिना-सव्वा महिना लागतो. चढ्या भावाने घेतलेला माल पडत्या बाजारात येऊन पोहोचतो आणि आयातदार तो तोट्यात सोडायला नाखूश असतो. दुसरं, छापील किंमत. जुन्या एमआरपीचा माल वितरकाच्या गोदामात पडलेला असतो. तिसरं कारण लोकांच्या ध्यानात येत नाही ते म्हणजे रुपया. जानेवारी २०२२ मध्ये डॉलर साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास होता, ऑक्टोबरमध्ये त्याने ८३ ओलांडले. तेल डॉलरमध्ये उतरत होतं त्याच काळात रुपया ११ टक्क्यांनी घसरत होता.

रुपया का घसरला? अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने मार्च २०२२ मध्ये जवळपास शून्यावर असलेला व्याजदर वाढवायला घेतला आणि जुलै २०२३ पर्यंत तो ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेला. अमेरिकी सरकारी रोख्यात बसल्याजागी पाच टक्के मिळू लागले की मुंबईच्या शेअर बाजारात आणि रोख्यांत आलेला परदेशी पैसा परत निघतो. त्यात त्या वर्षी कच्चं खनिज तेलही महाग होतं. अमेरिकेने आपली महागाई आटोक्यात आणण्यासाठी उचललेलं पाऊल आपल्याकडे फोडणीच्या तेलावर येऊन पडलं ते असं.

व्याजाचा थेट मारही आहे. आयातदार रोख पैसे मोजत नाही. बँकेच्या पतपत्रावर (पैसे देण्याच्या बँकेच्या हमीवर) ९० किंवा १८० दिवसांची मुदत घेतो आणि तेवढ्या काळाचं डॉलरमधलं व्याज भरतो. ११५० डॉलरवर ९० दिवसांचं व्याज दीड टक्का दराने ४ डॉलर ३१ सेंट होतं, तर सहा टक्के दराने १७ डॉलर २५ सेंट. रुपयांत मोजलं तर किलोमागे एक रुपया दहा पैशांचा फरक. त्यावर रुपया घसरण्याच्या धोक्यापासून बचावासाठी डॉलर आगाऊ ‘बुक’ करण्याचा खर्च वेगळा. हा फॉरवर्ड प्रीमियम वर्षाला दीड टक्क्यापासून पाच टक्क्यांपर्यंत फिरलेला आहे. तो वाचवायला काही आयातदार डॉलर उघडा ठेवतात. रुपया स्थिर असेपर्यंत ही चलाखी वाटते, मग एका महिन्यात वर्षाची कमाई जाते.

व्याज वाढलं की आणखी एक गोष्ट घडते. साठा ठेवणं महाग होतं. पंचेचाळीस दिवसांचा माल ठेवणारा तीसवर येतो. साठा पातळ झाला की एखादं जहाज उशिरा आलं तरी भाव उडतो. स्वस्त पैशात बाजारात उशी असते, महाग पैशात ती निघून जाते. साठेबाजीच्या नावाने ओरड करताना ही बाजू विसरली जाते.

वायदे बंद करून काय झालं

२० डिसेंबर २०२१ ला शेअर आणि वायदे बाजाराच्या नियामकाने, सेबीने, सात शेतमालांचे वायदे थांबवले. त्यात सोयाबीन आणि त्याचे उपपदार्थ, कच्चं पामतेल, मोहरी, हरभरा, गहू, मूग, बिगर-बासमती भात होते. पुढे ही बंदी वाढवत नेली गेली. कारण दिलं जात होतं महागाईचं. बंदीनंतरही २०२२ च्या पहिल्या सहामाहीत तेल कडाडलं, कारण भाव ठरवणारे वायदे इथले नव्हतेच.

तोटा मात्र इथल्यांचा झाला. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन विकत घेणारा गाळपवाला तेल आणि पेंड विकून होईपर्यंत दोन-तीन आठवडे भावाच्या जोखमीत असतो. पूर्वी तो वायद्यात तेल विकून ठेवू शकत होता. आता ती जोखीम तो खरेदीच्या भावातच वजा करतो, म्हणजे शेतकऱ्याला देतो. मोठे आयातदार शिकागो किंवा क्वालालंपूरला बचाव करतात, पण तिथे दोन अडचणी आहेत. भाव उलटा गेला की रोजच्या रोज डॉलरमध्ये मार्जिन (तोट्यापोटी ठेवायची रक्कम) भरावं लागतं आणि छोट्याकडे ती सोय नसते. दुसरी, शिकागोचा भाव आणि आपल्या मालाचा भाव एकत्र हलतीलच असं नाही. १३ जून २०२५ ला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जैवइंधनाचं वाढीव उद्दिष्ट प्रस्तावित केलं आणि शिकागोत सोयातेल दिवसाच्या कमाल मर्यादेपर्यंत चढलं. अर्जेंटिनाच्या बंदरावरचा माल तेवढा चढला नाही, त्याचा डिस्काउंट वाढला. शिकागोत विकून बसलेल्याला मार्जिन भरावं लागलं, हातातल्या मालाची किंमत मात्र तेवढी वाढली नाही.

सट्टेबाज फंडांमुळे भाव वाढतात का, हा वाद जुना आहे. आमचं मत असं की वर्षभराचा कल ते ठरवत नाहीत, पण आठवड्याभराची उडी मोठी करतात. अमेरिकेतला वायदे नियामक दर शुक्रवारी, कुणी किती खरेदी-विक्री करून ठेवली आहे याची मंगळवारपर्यंतची आकडेवारी देतो. त्यात ‘मॅनेज्ड मनी’ नावाचा रकाना असतो. फंडांनी एकाच बाजूला फार मोठी खरेदी करून ठेवली असेल, तर छोट्या बातमीवरही भाव जोरात उलटतो. खरेदीदाराने एवढ्यापुरता तो रकाना पाहावा.

हवामानाचं धोरण कढईत येतं

आता गंमत बघा. अमेरिकेत तयार होणाऱ्या सोयातेलाचा जवळपास निम्मा भाग जैवइंधनात जातो. इंडोनेशियाने जानेवारी २०२५ पासून डिझेलमध्ये ४० टक्के पामतेलाचं जैवडिझेल मिसळायचं ठरवलं, त्याआधी प्रमाण ३५ टक्के होतं. त्या वर्षासाठी १५६ लाख किलोलिटर जैवडिझेलचं वाटप ठरलं. एवढं तेल निर्यातीच्या बाजारातून बाजूला होतं.

जैवडिझेल साध्या डिझेलपेक्षा महाग पडलं तर फरक कोण देतो? इंडोनेशिया पामतेलाच्या निर्यातीवर लेव्ही म्हणजे कर घेतं आणि त्या निधीतून हा फरक भरतं. मे २०२५ मध्ये कच्च्या पामतेलावरची लेव्ही संदर्भ किमतीच्या साडेसात टक्क्यांवरून दहा टक्के केली. लेव्हीचा काही भार तिथल्या बागायतदाराला कमी भावाच्या रूपात बसतो, काही परदेशी ग्राहकावर येतो. भारत पामतेलाच्या सर्वांत मोठ्या आयातदारांपैकी एक. म्हणजे आपल्या फरसाणातल्या पामतेलामधून जकार्तातल्या ट्रकच्या डिझेलला थोडं अनुदान जातं. पाम लागवडीसाठी जंगल किंवा दलदलीची जमीन मोडली असेल, तर त्या डिझेलने कार्बन वाचवला असं म्हणणंही कठीण होतं.

यामुळे खाद्यतेलाला खनिज तेलाचं शेपूट लागलं. खनिज तेल महागलं की जैवडिझेल परवडतं, पामतेल तिकडे ओढलं जातं. खनिज तेल उतरलं की अनुदानाचा खड्डा वाढतो आणि लेव्ही वाढवावी लागते. दोन्ही दिशांनी किमतीखालचा आधार वर सरकतो.

सोयाबीन उत्पादकाला शुल्काचा किती फायदा

१४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या तेलावरचं एकूण शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के केलं. सोयाबीनला भाव मिळावा हा हेतू सांगितला गेला. त्या हंगामात हमीभाव ४८९२ रुपये होता आणि महाराष्ट्राच्या बाजार समित्यांत सोयाबीन त्याखालीच विकलं जात होतं. विधानसभा निवडणुकीत तो मोठा मुद्दा झाला.

शुल्क वाढूनही भाव का नाही आला, हे एका क्विंटलच्या गाळपावरून कळतं. १०० किलो सोयाबीनमधून तेल निघतं साधारण १८ किलो, पेंड ८० किलोच्या वर. वर धरलेल्या भावांनी पाहिलं तर शुल्कातल्या ११ टक्क्यांमुळे तेल किलोला पावणेअकरा-अकरा रुपयांनी हलतं. गुणिले १८ म्हणजे क्विंटलला जास्तीत जास्त दोनशे रुपये. २२ टक्के वाढवले तर चारशेच्या आत. तोही सगळा फायदा गाळपवाल्याने पुढे दिला तर.

पेंडेचं गणित याउलट गेलं. किलोला तीन रुपयांनी पेंड उतरली की क्विंटलमागे अडीचशे रुपये गेले. जगात सोयापेंड मुबलक होती, आपली पेंड अर्जेंटिनाच्या पेंडेपुढे महाग पडत होती आणि देशात मका-तांदळापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यांतून निघणारा डीडीजीएस हा चोथा पोल्ट्रीवाले स्वस्तात घेऊ लागले होते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचं धोरण, तेही हवामान आणि आयात बचतीच्या नावाने, लातूर-वाशिमच्या सोयाबीनच्या भावावर असं आडून आलं. ग्राहकाने मात्र लिटरमागे वाढीव शुल्क पुरेपूर मोजलं. शेतकऱ्याला भाव द्यायचा तर तेलावरचं शुल्क हे फार बोथट हत्यार आहे, हमीभावाने वेळेवर खरेदी आणि पेंडेची निर्यात यांकडे आधी पाहायला हवं.

शुल्काची आणखी एक खोड. कमी होणार अशी कुणकुण लागली की आयातदार माल बंदरातल्या बॉन्डेड टाकीत (जिथे शुल्क न भरता माल ठेवता येतो) ठेवतात आणि शुल्क भरून सोडवतच नाहीत. बंदरावर टाक्या भरलेल्या, बाजारात टंचाई. वाढणार असं वाटलं की उलट धावपळ. शुल्क प्रत्यक्ष बिलावर न लागता दर पंधरवड्याला जाहीर होणाऱ्या टॅरिफ मूल्यावर लागतं, त्यामुळे ते मूल्य बदलण्याच्या आदल्या दिवशीही असाच खेळ होतो.

तेलाकडून रेपो दराकडे

२०१२ पायाभूत वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात तेल आणि स्निग्ध पदार्थांचं वजन ३.५६ टक्के होतं. तेल १० टक्क्यांनी महागलं की सगळा निर्देशांक एकतृतीयांश टक्क्याहून जास्त वर जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये महागाई ६.२१ टक्क्यांवर गेली. मुख्य दोष भाज्यांचा, पण तेलानेही हात दिला. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२३ पासून रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ६.५ टक्क्यांवर धरून ठेवला होता. तो पहिल्यांदा उतरला फेब्रुवारी २०२५ मध्ये आणि जूनपर्यंत ५.५ वर आला. रेपो उतरला नाही की कर्जं स्वस्त होत नाहीत. कर्ज महाग असलं की त्याचा सर्वांत मोठा फटका ज्या धंद्याला बसतो तो म्हणजे सौर आणि पवन वीज.

कारण सरळ आहे. कोळशाच्या विजेत इंधनाचा खर्च वर्षानुवर्षं चालू राहतो. सूर्यप्रकाशाचं बिल येत नाही, सगळा खर्च पहिल्याच दिवशी. म्हणून सौर विजेचा दर म्हणजे बहुतांशी व्याजाचा दर.

एक मेगावॉटचा जमिनीवरचा प्रकल्प ४ कोटींत उभा राहिला असं धरू. १९ टक्के क्षमता वापराने (चोवीस तास पूर्ण क्षमतेने मिळाली असती त्याच्या १९ टक्के) वर्षाला साडेसोळा लाख युनिटहून थोडी जास्त वीज मिळते. ४ कोटी २० वर्षांत फेडायचे. पैसा ४ टक्क्यांनी मिळाला तर वर्षाचा हप्ता २९.४ लाख, युनिटला १ रुपया ७७ पैसे. ९ टक्क्यांनी मिळाला तर ४३.८ लाख, २ रुपये ६३ पैसे. १२ टक्क्यांनी ५३.५ लाख, ३ रुपये २२ पैसे. पॅनेल तेच, ऊन तेच, जमीन तीच. देखभाल आणि जमीनभाडं यावर वेगळं. विदर्भाच्या कडक उन्हाचा बराचसा फायदा महाग भांडवलात जातो तो यामुळे. मग परदेशातून स्वस्त डॉलर आणू, असं सुचतं. पण डॉलरचं कर्ज ६ टक्के, त्यावर रुपया घसरण्याच्या विम्याचे दोन-तीन टक्के, बँकेची फी, असं करत आपण पुन्हा ९ च्या आसपास येतो. विमा घेतला नाही तर तेलाच्या आयातदाराचं जे होतं तेच वीस वर्षांच्या मुदतीवर होतं. सौर कंपनीची कमाई रुपयांत आणि दर करारात बांधलेला.

श्रीमंत देशही यातून सुटले नाहीत. ३१ ऑक्टोबर २०२३ ला डेन्मार्कच्या ऑर्स्टेड कंपनीने न्यू जर्सीच्या किनाऱ्याबाहेरचे दोन मोठे पवन प्रकल्प सोडून दिले. सांगितलेल्या कारणांत वाढलेलं व्याज होतं.

हवामान परिषदांतले आकडे या पार्श्वभूमीवर वाचावेत. २००९ मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी विकसनशील देशांना दिलेलं वर्षाला १०० अब्ज डॉलरचं वचन २०२० पर्यंतचं होतं, ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या हिशेबाने ते २०२२ मध्ये पुरं झालं. २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्जचा आकडा ठरला आणि भारताने तिथल्या तिथे नाराजी नोंदवली. नाराजी रास्त होती, पण आकड्याहून महत्त्वाचं हे की सार्वजनिक मदतीचा मोठा भाग कर्ज आहे आणि परतफेडीतला चलनाचा धोका घेणाऱ्यावर आहे. १०० रुपये देताना धोका कुणाचा हे विचारलं नाही तर आकडा फसवा ठरतो.

हरित रोख्यांचं, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठी काढलेल्या कर्जरोख्यांचं, कौतुकही मोजून करावं. केंद्र सरकारने जानेवारी आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ८-८ हजार कोटींचे हरित रोखे काढले. पहिल्या वेळी पाच वर्षांचा दर ७.१० आणि दहा वर्षांचा ७.२९ टक्के होता, साध्या रोख्यापेक्षा साधारण ०.०५ टक्क्याने कमी. ८ हजार कोटींवर ही बचत वर्षाला ४ कोटींची. म्हणजे सवलत नाममात्र. महापालिकांचं तसं नाही, त्यांच्या बाबतीत मुद्दा सवलतीचा नसून बाजारात पत मिळण्याचा आहे. इंदूर महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये ८.२५ टक्क्यांनी २४४ कोटी उभे केले ते नर्मदेचं पाणी उचलायच्या पंपांचं वीजबिल सौर प्रकल्पाने भागवण्यासाठी. कर्ज फेडायला वाचलेलं वीजबिल समोर दिसतं, म्हणून हा हिशेब पटतो. पिंपरी-चिंचवडने २०२५ मध्ये ७.८५ टक्क्यांनी २०० कोटी उभे केले ते रस्ते आणि पादचारी-सायकल मार्गांसाठी. तिथे फेड मालमत्ता करातूनच होणार. दोन्ही हरित, पण गुंतवणूकदाराने आणि नागरिकाने विचारायचा प्रश्न वेगळा.

छपरावर

घरगुती तीन किलोवॉटच्या संचाला साधारण ३०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. महाराष्ट्रात किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिट धरतात, म्हणजे महिन्याला ३५० च्या आसपास, पावसाळ्यात बरीच कमी. महावितरणचा १०० युनिटच्या पुढचा घरगुती दर वहन आकारासह १० रुपयांच्या पुढे जातो, त्यामुळे महिन्याला अडीचशे-तीनशे युनिट जाळणाऱ्याला हे परवडतं. ८०-९० युनिटवाल्याने घाई करू नये. स्वस्त स्लॅबमधली वीज वाचवायला कर्ज काढण्यात अर्थ नाही.

पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं ७८,००० रुपये अनुदान आहे. यासाठी देशी बनावटीच्या सेलचे पॅनेल लागतात, जे आयात सेलच्या पॅनेलपेक्षा महाग असतात. कोटेशनमध्ये ‘डीसीआर’ (देशी बनावटीची अट) हा शब्द नसेल तर अनुदान अडकेल, हे आधी तपासावं. तीन किलोवॉटपर्यंत तारण न घेता, रेपोपेक्षा साधारण अर्धा टक्का जास्त दराने सरकारी बँकांचं कर्ज मिळतं. विक्रेता मात्र पुष्कळदा स्वतःच्या जोडीदार वित्त कंपनीचं कर्ज पुढे करतो, कारण त्याला पैसे लगेच मिळतात. १ लाख २० हजार दहा वर्षांसाठी ७ टक्क्यांनी घेतले तर हप्ता १३९३ रुपये, ११ टक्क्यांनी १६५३. दहा वर्षांत ३१ हजारांचा फरक, म्हणजे अनुदानाचा चाळीस टक्के भाग व्याजात परत गेला.

अनुदान संच सुरू झाल्यावर आणि तपासणी झाल्यावर खात्यात येतं. तोपर्यंत पूर्ण रकमेवर व्याज चालू असतं. ७८ हजारांवर १० टक्क्यांनी सहा महिने म्हणजे ३९०० रुपये. नेट मीटर (ग्रिडकडून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज मोजणारं मीटर) बसायला उशीर झाला तर तोपर्यंत ग्रिडला गेलेल्या विजेचा हिशेब लागत नाही. मंजूर भार संचापेक्षा कमी असेल तर तो वाढवावा लागतो, त्याची चौकशी संच बसवण्याआधी करावी. वर्षअखेरीस शिल्लक राहिलेल्या युनिटना मिळणारा दर घरगुती दरापेक्षा बराच कमी असतो, म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसवू नये. कर्जाचा दर बदलता आहे की बांधलेला, हे करारात पाहावं. रेपोशी जोडलेला असेल तर रेपो उतरल्यावर बँकेने दर खाली आणला की नाही हे खात्याच्या उताऱ्यात दिसतं. नसेल आणला तर शाखेत लेखी अर्ज द्यावा.